पाय की बाय

आक्का,

परवा तुझा जलदानविधी झाला. माणसं बरीच आली होती. आलेला जो तो एकच म्हणत होता, "बिचारीला ऐकू येत नव्हतं, पण शिवणात तिचा हात धरणारं महाडात कुणी नव्हतं." ज्या बाईनं शिवणयंत्रामागे बसून नुसत्या डोळ्यांनी अख्ख्या बाजारपेठेच्या कागाळ्या ऐकल्या, तिला बिचारी म्हणणाऱ्यांची मलाच कीव आली. त्यातल्या निदान चौघांनी तुझ्यासमोर उभं राहून तुझ्याचबद्दल काय काय म्हटलं होतं, ते तू घरी येऊन मला नकला करून दाखवलेलं आहेस. एकाची तर मिशीसुद्धा तू हुबेहूब हलवायचीस.

तुझा फोन माझ्याकडे आहे. स्नेहल परत मुंबईला निघाली, तेव्हा वीरच्या स्टेशनावर तिनं तो माझ्या हातात ठेवला. "बाबा, आत्याचा तो व्हिडिओ पुसू नका हं," म्हणाली. पुसतो कशाला? दिवसातून चार-चार वेळा लावून बसतो. अडीच मिनिटांचा मूकपटाचा तुकडा, त्यात सात-आठ सेकंद दिसणारी एक पोर आणि तिच्या ओठांवरचे दोन शब्द. ते शब्द वाचू शकणारं माणूस या जगात एकच होतं, आणि त्याला आम्ही सावित्रीकाठी अग्नी देऊन आलो.

तुला तो ताप आला तेव्हा तू सहा वर्षांची होतीस आणि मी पाळण्यात होतो. तापानं तुझे कान नेले. म्हणजे तू मला कधी ऐकलंच नाहीस. माझा आवाज चिरका आहे हे तुला शेवटपर्यंत ठाऊक नव्हतं आणि मीही कधी सांगितलं नाही. आय, आपली आई, तिला सही करता येत नव्हती. पण तिनं तुला चुलीसमोर बसवलं, जाळाच्या उजेडाकडे तोंड केलं आणि एकेक शब्द म्हणायला लागली. तुझा हात स्वतःच्या गळ्यावर धरून ठेवायची. "माझ्या तोंडाकडं बघ गो," म्हणायची. असं वर्षानुवर्षं चाललं. तुझं सगळं बोलणं तू आयच्या तोंडावरून उतरवून घेतलंस, म्हणून साठ-सत्तर वर्षं महाडात राहूनही तू तिच्या माहेरच्या, पाचाडकडच्या वाडीतल्यासारखी बोलायचीस, आणि मी तहसील कचेरीतल्या कागदांसारखा.

पोलादपूरच्या जत्रेतला तंबू आठवतो? मी नऊ-दहा वर्षांचा असेन. संध्याकाळचा पहिला खेळ, पडद्यावर अगदी सुरुवातीच्या काळातला एक बोलपट, पावसात उभा असल्यासारखा रेघांनी भरलेला. निम्म्यात कर्ण्यातला आवाज गेला. सरदार तोंड उघडतोय, मिटतोय, आणि लोक शिट्ट्या मारतायत. तू बायकांच्या बाजूला बसली होतीस. तुझ्या शेजारणीनं खूण करून तुला सांगितलं असावं की आवाज गेला. तू उठून उभी राहिलीस आणि सरदाराच्या तोंडचं बोलायला लागलीस. तुझ्या त्या सपाट, चढ ना उतार अशा आवाजात. लोक आधी हसले, मग हळूहळू गप्प झाले. तुझ्या तोंडून राजा बोलला, राणी बोलली, फितूर कारभारीही बोलला. मला इतका अभिमान वाटत होता की मी आजूबाजूच्या पोरांना कोपरानं ढोसत होतो, "माझी बहीण हाय ती, माझी."

मग सरदाराच्या छातीत बाण घुसला, तो कोसळला आणि तू ओरडलीस, "मला पान लागलं!"

पान लागलं म्हणजे साप चावला, हे तंबूतल्या शेंबड्या पोरालाही माहीत. जमिनीवर मांड्या घालून बसलेली माणसं उठली. बायकांनी लुगडी गोळा केली. कुणी तरी बॅटरी पाडली, कुणी तरी तंबूचं कापड वर उचलून बाहेर पळालं. मी तुझ्याकडे धावलो आणि तुझ्यासमोर छातीवर बोट आपटून आपटून सांगितलं, "बाण! बाण!" तू चिडलीस. "मंग तेच बोलले ना मी!"

त्या दिवशी मला समजलं. प, ब आणि म, तिन्हींना ओठ सारखेच मिटतात. पान, बाण, मान, तुझ्या डोळ्यांना तिन्ही एकच. घशातून येणारी अक्षरं तर तुला दिसतच नसत. तू बाकीच्या बोलण्यावरून अंदाज बांधायचीस आणि दहातून नऊ वेळा तो बरोबर यायचा. दहाव्या वेळेला साप निघायचा.

तरी ते जुने बोलपट तुझे फार लाडके. तेव्हाचे नट माइकला घाबरून असत. तो कुठे फुलदाणीत, कुठे झालरीमागे लपवलेला असे, आणि त्याच्या रोखानं तोंड करून, मान न हलवता, एकेक शब्द चावून ते बोलत. लोकांना ते लाकडी वाटायचे. तू म्हणायचीस, "किती चांगली मानसं रे, माझ्यासाठी थांबून बोलतात." गाणी तर ते स्वतःच गात, आणि गळ्याच्या शिरेवरून तुला ते दिसायचं. पुढे नट्या दुसरीच्या आवाजावर ओठ हलवायला लागल्या, तेव्हा तू पहिल्या गाण्यालाच ओळखलंस. "ही गात नाय. ही नुसती जेवते." मग नायक पाठमोरे उभे राहून बोलायला लागले आणि तू सिनेमाच सोडलास. फार वर्षांनी स्नेहलनं तुझ्या फोनवर मूकपट लावून दिले, तेव्हा तू पुन्हा बसलीस. तिथं सगळेच तुझ्यासारखे होते.

आता आयची गोष्ट. तू म्हणशील, आता सांगतोस होय? हो, आता सांगतो.

आय नऊएक वर्षांची असताना गडाच्या पायथ्याशी एक सिनेमा कंपनी आली होती. ऐतिहासिक पट होता. गर्दीला माणसं हवी होती, म्हणून वाडीतली सगळी उचलून नेली. बाप्यांना लाकडी तलवारी आणि पागोटी दिली, बायका-पोरांना मागे कातळावर उभं केलं. तेव्हा सूर्याशिवाय चित्र उठत नसे, त्यामुळे वैशाखातली भर दुपार. अनवाणी. राणी छत्रीखाली बसलेली, गोरीपान, मराठीचा गंध नसलेली. एक माणूस कर्ण्यातून ओरडून सांगत होता, गडाकडे बघा आणि जय म्हणा. तांदूळ निवडताना आय हे सांगायची आणि शेवटी तोंडाला पदर लावून हसायची. "मी जय नाय बोलले गो. तळपायाला फोड आलेले, मला कुठला जय सुचतोय!" मग काय बोललीस, असं तू दर वेळी विचारायचीस. "ते काय आता ध्यानात ऱ्हातंय?" म्हणून ती सूप पाखडायला घ्यायची.

मी तहसील कचेरीत चिकटलो त्या वर्षी पोलादपूरची मंडळी आपलं घर बघायला आली. सोयरिकीची बैठक. आयला आनंद झालेला, आनंदात तिनं आपली ठेवणीतली गोष्ट काढली, "मी शिनेमात व्हते." पाहुण्यांतल्या म्हाताऱ्यानं भुवया चढवल्या. "शिनेमात? म्हंजी तमाशावानी?" मी पटकन हसलो आणि म्हणालो, "पुरे गो आय थापा. हिला सवयच आहे हो, काहीही सांगते." सगळे हसले. आयही थोडी हसली आणि चहा बघायला आत गेली. त्यानंतर ती सतरा-अठरा वर्षं जगली, पण ती गोष्ट तिच्या तोंडून पुन्हा कुणी ऐकली नाही.

तू खिडकीजवळ शिवत होतीस. माझं वाक्य पुरं झालं आणि तुझं मशीन थांबलं. ते मला चांगलं ऐकू आलं.

मला ती थाप वाटली होती, असं तू शेवटपर्यंत समजत होतीस. तसं नव्हतं, आक्का. मला ते कधीच खोटं वाटलं नव्हतं. मला लाज वाटली होती. वाडीतला खुर्चीवर बसून नोकरी करणारा मी पहिला, मला चारचौघांसारखी आई हवी होती, आणि कातळावर उभी केलेली, पडद्यावर लोकांनी बघितलेली पोर मला त्या बैठकीत नको होती. आईला खोटी पाडलं की काम भागत होतं. भागलंही. सोयरीक जमली, लग्न झालं, संसार झाला. आयनं सुनेला एका शब्दानं कधी त्यातलं काही सांगितलं नाही.

आणि दोन वर्षांपूर्वी स्नेहलनं तो तुकडा पाठवला. कुणाकडे तरी एक जळका डबा सापडला होता. त्या फितीच तसल्या, नुसत्या उकाड्यानं पेट घ्यायच्या, आणि ज्या पेटल्या नाहीत त्या चांदीसाठी वितळवल्या. त्या पटाचं एवढंच उरलं. मागचा डोंगर तू लगेच ओळखलास. मग तू फोन नाकाशी धरून वाचायला लागलीस आणि आपण दोघं हसून हसून बेजार झालो. पडद्यावर पाटी येते, 'प्राण गेला तरी बेहत्तर!' आणि पहिल्या रांगेतला मावळा म्हणतोय, "सरक ना रे, दिसत नाय मला." दुसरा विचारतोय, "भाकऱ्या कवा देनार?" राणी आली की तू हात झटकायचीस, "हिचं काय कळत नाय. हिचं तोंड आपलं नाय."

मग ती पोर आली. गर्दीतून कॅमेरा तिच्यावर थांबतो. चित्राचा खालचा भाग जळून पांढरा झालाय, कंबरेपासून वर तेवढी दिसते. शेजारच्या बाईकडे वळून ती दोन शब्द बोलते. तुझं हसू गेलं. तू परत लावलंस, परत लावलंस, आणि फोन मांडीवर ठेवलास.

"बाळू, ही आय."

"कशावरून?"

"तोंडावरून. हिच्या तोंडावरून शिकले मी. वरचा ओठ डावीकडून आधी उघडतो, बघ. पाय गो, बोलली ती. पाय गो."

आणि मी काय केलं? जन्मभर लोकांचे अर्ज नामंजूर केलेला माणूस मी, तुझाही केला. म्हटलं, "पाय कशावरून? बाय असेल. बाय गो. वाडीत थोरल्या बहिणीला बायच म्हणतात. आयला कुठं थोरली बहीण होती? म्हणजे ही दुसऱ्या कुणाची पोर." तंबूतला साप मी साठ वर्षं सांभाळून ठेवला होता आणि तुझ्याच अंगावर सोडला.

तू मला आरशासमोर उभं केलंस. "म्हन पाय. म्हन बाय." दोन्ही सारखेच दिसले. तू म्हणालीस, 'प'ला ओठ जास्त दाबले जातात. मी म्हणालो, हे कोर्टात चालणार नाही. मग तू मला तिचे खांदे दाखवलेस. "एकदा हा खाली जातोय, एकदा तो. एक पाय उचलते, मंग दुसरा. भाजतंय तिला." मी म्हणालो, जुनी फीत आहे, चित्र हलतंय. खोटं बोललो. मागचा डोंगर हलत नव्हता, खांदेच हलत होते. मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं.

तुलाही दिसलं, की मला दिसलंय.

"तुला पटलंय रे," तू म्हणालीस. "तुला बोलायचं नाय." आणि मग ते मागणं सुरू झालं. "एकदा म्हन, आय खरं बोलत व्हती. माझ्यासमोर बसून म्हन. मला दिसू दे." दोन वर्षं. चहा ठेवताना, काज करताना, मी पेपर वाचत असलो तर पेपर खाली ओढून. मी दर वेळी एकच पालुपद लावायचो, आधी प की ब ते सिद्ध कर. तुला चिडवल्यासारखं करून निसटायचो. एकदा तू चिडून दोन दिवस माझ्याकडे बघितलंच नाहीस. तू बघितलं नाहीस की माझं बोलणंच बंद, ही तुझी शिक्षा मला लहानपणापासून ठाऊक. तरी मी हटलो नाही. एवढं एक वाक्य होतं. ते म्हटलं असतं तर त्या बैठकीतलं माझं वाक्य उघडं पडलं असतं, आणि मग मी कोण होतो ते तू वाचलं असतंस.

स्नेहल म्हणते, मुंबईला मूकबधिरांच्या शाळेत दाखवू या, तिथं ओठ वाचणारी माणसं आहेत. दाखवील ती. ते मन लावून वाचतील आणि सांगतील, माय किंवा बाय. त्यांची नजर शिकवणाऱ्यांच्या तोंडावर तयार झाली आहे. त्या वाडीचं, त्या काळातलं तोंड कुणी बघितलंय? ते बघितलेली तू शेवटची होतीस. आणि समज, एखाद्यानं छातीठोकपणे सांगितलं की पाय आहे, तर ते मी कुणाला जाऊन सांगू? आय नाही, तू नाहीस. मला एकट्याला ते कळून करायचंय काय? आता ती पोर ओठ हलवते आणि मला नुसते ओठ हलताना दिसतात. आरशासमोरही उभा राहून बघितलं. आरशात एक म्हातारा तोंड उघडतो आणि मिटतो.

एवढं लिहून थांबणार होतो. पण तुला एक गोष्ट माहीत नाही, आणि ती सांगितल्याशिवाय हे लिहिण्यात अर्थ नाही.

तुला दवाखान्यात ठेवलं त्याचा तो तिसरा दिवस. भेटायची वेळ पाच ते साडेपाच. आत सोडताना सिस्टरनं हिरवा झगा दिला, निळा मास्क दिला. तू जागी होतीस, अंगात ताकद नव्हती, पण डोळे स्वच्छ होते. मी खुर्ची ओढून अगदी समोर बसलो. तुझा हात हातात घेतला. वाटेत रिक्षात मी ठरवूनच आलो होतो आणि न अडखळता म्हणालो, "आक्का, आय खरं बोलत होती. ती पोर आयच आहे. पाय गो, असंच म्हणाली ती. मला तेव्हाही माहीत होतं. मला लाज वाटली होती, म्हणून मी तिला खोटी पाडलं." सगळं म्हणालो. माझा चष्मा वाफेनं भरला, तो मी काढून पुसला. तू माझ्याकडे एकटक बघत होतीस. मग तू हळूच मान हलवलीस.

मी हलका होऊन बाहेर आलो, खरंच सांगतो. चाळीस-पंचेचाळीस वर्षांचं ओझं उतरलं असं वाटलं. समोरच्या टपरीवर चहा सांगितला. ग्लास तोंडाला लावला आणि चहा कापडाला लागला.

तसाच मागे पळालो. साडेपाच होऊन गेले होते. सिस्टर म्हणाली, "आता उद्या या काका, त्या झोपल्यात." मी तिला सांगायला लागलो की मला आत जाऊन फक्त तोंड दाखवायचंय, दोन मिनिटं, फक्त तोंड. तिला ते कसं कळावं? पहाटे दवाखान्यातून फोन आला.

खिशात पेन होतं, आक्का. उशाशी कागदही होता.

तुला एक निळं कापड आत-बाहेर होताना दिसलं असेल, बाकी काही नाही. आणि तू मान हलवलीस. जन्मात तू न कळता कधी मान हलवली नाहीस. डॉक्टर असो, साहेब असो, भंतेजी असोत, भर सभेत हात वर करून म्हणायचीस, "परत म्हन." मला तर एकेका वाक्याला दहा-दहा वेळा म्हणायला लावलंस.

त्या दिवशी तू "परत म्हन" म्हणाली नाहीस.